पहिले महायुद्ध नेमके कधी संपले? ‘संपणे’ या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदांचा एक प्रकरण अभ्यास

पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी संपले, असे आपण शाळेत शिकतो आणि ते चुकीचे नाही. मात्र ब्रिटिश सरकारच्या लेखी हेच युद्ध ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत चालू होते, आणि तुर्कस्तानशी असलेले युद्ध तर ६ ऑगस्ट १९२४ पर्यंत. अमेरिकेने जर्मनीशी असलेल्या युद्धस्थितीचा शेवट २ जुलै १९२१ च्या ठरावाने जाहीर केला. ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांना मिळालेल्या विजयपदकाच्या मागच्या बाजूस १९१४-१९१९ अशी साले कोरलेली आहेत, आणि ज्या गावांतून माणसे या युद्धावर गेली तिथे बसवलेल्या दगडी पाट्यांवरही हीच साले दिसतात. हा इतिहासकारांचा गोंधळ नव्हे. या प्रत्येक तारखेला निराळी गोष्ट संपली आणि त्या त्या गोष्टीसाठी इंग्रजीने निराळे क्रियापद वापरले.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाची अडचण शब्दकोशापासूनच सुरू होते. स्टॉप, सीस, एंड, फिनिश, कम्प्लीट, कन्क्लूड, टर्मिनेट, एक्स्पायर या सगळ्यांपुढे थांबणे, संपणे, समाप्त होणे, पूर्ण करणे हेच चार शब्द आलटून पालटून दिलेले असतात. त्यामुळे हा फरक केवळ भारदस्तपणाचा आहे, म्हणजे ‘स्टॉप’ बोलण्यातला, ‘सीस’ लिहिण्यातला आणि ‘टर्मिनेट’ कचेरीतला, अशी समजूत होते. भारदस्तपणाचा फरक आहेच, पण तो दुय्यम होय. मुख्य प्रश्न काय संपले, कोणी संपवले आणि ते पुन्हा सुरू होऊ शकते का, हा आहे. १९१८ ते १९२४ या काळातील कागदपत्रांत हे सगळे शब्द एकाच घटनेभोवती आलेले असल्यामुळे त्यांची तुलना करण्यास याहून सोयीचे उदाहरण मिळणे अवघड आहे.

तोफा थांबल्या तो दिवस

फ्रान्समधील कॉम्पियेनच्या जंगलात, दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती मार्शल फॉश यांच्या रेल्वेच्या डब्यात, ११ नोव्हेंबरच्या पहाटे ५ च्या सुमारास शस्त्रसंधीवर सह्या झाल्या आणि त्याच दिवशी सकाळी ११ वाजल्यापासून ती लागू होईल असे ठरले. फॉश यांनी सेनापतींना पाठवलेल्या संदेशाच्या इंग्रजी रूपात संपूर्ण आघाडीवरील लढाई ११ वाजता ‘सीस’ होईल, असे म्हटले आहे. तिथे ‘एंड’ नाही आणि ‘स्टॉप’ही नाही. ‘एंड’ नाही, कारण युद्ध संपले असे म्हणण्याचा अधिकार त्या डब्यातील कोणालाच नव्हता. शस्त्रसंधी हा सेनापतींमधला करार असतो आणि तह हा राष्ट्रांमधला. ‘स्टॉप’ नाही, याचे कारण मात्र खरोखर शैलीचे आहे. ‘स्टॉप’ आणि ‘सीस’ ही दोन्ही क्रियापदे चालू असलेली क्रिया बंद होण्याविषयीच बोलतात, पण ‘सीस’ आदेशात, करारात आणि कायद्यात शोभते, तर खंदकातील सैनिक घरी पत्र लिहिताना तोफा ‘स्टॉप’ झाल्या असेच लिहील.

या दोन्ही शब्दांना परिणामाशी देणेघेणे नाही. क्रिया बंद झाली, एवढेच ते सांगतात. काम पुरे झाले का, कोणाचे उद्दिष्ट साधले का, उद्या पुन्हा सुरू होईल का, यांविषयी ते गप्प असतात. म्हणून पाऊस ‘स्टॉप’ होतो तेव्हा पावसाळा ‘एंड’ झाला असे कोणी समजत नाही. मराठीतील ‘थांबणे’ इथे तंतोतंत बसते. अमेरिकन सार्जंट हेन्री गुंथर १० वाजून ५९ मिनिटांनी गोळी लागून मरण पावला. शस्त्रसंधीवर सह्या होऊन तोवर जवळजवळ ६ तास उलटले होते, परंतु ‘सीस’ हे क्रियापद सहीला नव्हे तर ठरलेल्या घटकेला बांधलेले होते, आणि त्या घटकेपर्यंत लढाई पूर्णपणे चालूच होती.

क्रिया कुठेतरी चालू असते, म्हणून ती बंद होण्यालाही जागा असते, हे पूर्व आफ्रिकेत दिसले. तिथल्या जर्मन सेनेचा प्रमुख फोन लेटो-फोरबेक याला युरोपातील बातमी काही दिवस उशिरा मिळाली आणि त्याने आजच्या झांबियातील ॲबरकॉर्न येथे २५ नोव्हेंबरला शरणागती दिली. युरोपात जे ‘सीस’ झाले होते ते आफ्रिकेत आपोआप ‘सीस’ झाले नाही.

व्याकरणातला एक खळगा इथेच सांगून टाकतो, कारण त्यात हमखास पाय अडकतो. ‘स्टॉप’नंतर ‘-इंग’ रूप आले तर ती क्रिया थांबते: ‘दे स्टॉप्ड फायरिंग’ म्हणजे त्यांनी गोळीबार थांबवला. ‘टू’ लावले तर अर्थ जवळजवळ उलटा होतो: ‘दे स्टॉप्ड टू फायर’ म्हणजे गोळीबार करण्यासाठी ते थांबले. ‘सीस’ला मात्र दोन्ही चालतात आणि अर्थ बदलत नाही, उलट एखादी अवस्थाच उरली नाही असे सांगायचे असेल तेव्हा ‘सीस्ड टू बी’, ‘सीस्ड टू एक्झिस्ट’ हेच प्रयोग रूढ आहेत, आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याविषयी इंग्रजी पुस्तकांत असेच वाक्य आढळते. जाता जाता आणखी एक. आपल्या वर्तमानपत्रांत ‘सीझफायर’ असे छापले जाते, त्यातला ‘झ’ उपरा आहे; ‘सीस’ म्हणजे थांबणे आणि ‘सीझ’ म्हणजे जप्त करणे किंवा ताब्यात घेणे. युद्धाच्या बातमीत हा फरक पुसला जाणे जरा गमतीचेच आहे.

३६ दिवसांची मुदत

११ नोव्हेंबरची शस्त्रसंधी कायमची नव्हती, ही गोष्ट शालेय इतिहासात सहसा येत नाही. तिची मुदत ३६ दिवसांची होती आणि अटी पाळल्या गेल्या नाहीत तर ४८ तासांची सूचना देऊन ती मोडण्याची मुभा होती. मुदत सरत आली की ती वाढवावी लागे. १३ डिसेंबर १९१८, १६ जानेवारी १९१९ आणि १६ फेब्रुवारी १९१९ या तीन दिवशी ती वाढवण्यात आली.

इथे ‘एक्स्पायर’ आणि ‘टर्मिनेट’ यांच्यातील भेद अगदी स्वच्छ दिसतो. पहिल्या दोन वाढींना ठरलेली अखेर होती: त्या दिवसापर्यंत कोणी काहीच केले नाही तर शस्त्रसंधी आपोआप ‘एक्स्पायर’ झाली असती. तिसऱ्या वेळी अखेरची तारीखच लिहिली नाही; त्याऐवजी दोस्त राष्ट्रांनी तीन दिवसांची सूचना देऊन ती ‘टर्मिनेट’ करण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला. मुदतच नाही, तर एक्स्पायर व्हायचे काय? ‘एक्स्पायर’ला कर्ता लागत नाही, फक्त दिनदर्शिका लागते. ‘टर्मिनेट’च्या मागे मात्र बहुधा कोणाचा तरी हात असतो, निर्णय असतो, पुष्कळदा नोटीस असते. म्हणूनच ‘वुई एक्स्पायर्ड द ॲग्रीमेंट’ हे वाक्य इंग्रजीत चालत नाही. करार एक्स्पायर होतो. कोणी तो एक्स्पायर करत नाही. आपल्याकडेही मुदत ‘सरते’, पण करार ‘रद्द’ करावा लागतो. नोकरीच्या पत्रात हा फरक थेट पोटावर येतो: कंत्राट ‘एक्स्पायर’ झाले म्हणजे ठरलेला काळ भरला, आणि ‘टर्मिनेट’ झाले म्हणजे तो भरण्याआधी कोणीतरी ते मोडले. पुढच्या मुलाखतीत या दोहोंचा अर्थ एकसारखा घेतला जात नाही.

पूर्ण केले, पण उरकले नाही

शस्त्रसंधीच्या अटींत जर्मन सैन्याने बेल्जियम, फ्रान्स, लक्झेंबर्ग आणि अल्सास-लोरेन १५ दिवसांत रिकामे करावे, तसेच ५,००० तोफा, २५,००० मशीनगन, १,७०० विमाने, ५,००० रेल्वे इंजिने आणि १,५०,००० डबे सुपूर्द करावेत असे होते. अशा ठिकाणी ‘कम्प्लीट’ लागते. आधी एक माप ठरलेले असते आणि ते भरले की काम ‘कम्प्लीट’ होते. ४,९०० तोफा दिल्या तर ते झाले नाही. प्रश्नपत्रिका, अर्ज, अभ्यासक्रम, इमारतीचे बांधकाम हा सगळा ‘कम्प्लीट’चा मुलूख. ‘फिनिश’ही तिथे फिरकते, पण त्याची नजर मापापेक्षा काम करणाऱ्यावर असते: हातातले काम शेवटास नेले आणि माणूस मोकळा झाला. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ ‘आटोपणे’ आणि ‘उरकणे’ येतात. ‘फिनिश’नंतर ‘-इंग’ रूपच येते, ‘टू’ कधीच नाही. सामना, सिनेमा, शाळेचा दिवस अशा आखीव कार्यक्रमांनाही ‘फिनिश’ चालते. युद्धासाठी मात्र काळजीपूर्वक लिहिणारा ‘एंड’च निवडेल, कारण युद्धाचा कार्यक्रम कोणी छापून वाटलेला नसतो.

ही बारकाई केवळ कोशातली नव्हे. अमेरिकन सेनापती जॉन पर्शिंग यांनी ३० ऑक्टोबर १९१८ रोजी दोस्तांच्या सर्वोच्च युद्धमंडळाला लेखी कळवले होते की शस्त्रसंधीऐवजी बिनशर्त शरणागती घ्यावी. त्यांचा आक्षेप इंग्रजी क्रियापदांतच मांडायचा तर लढाई ‘स्टॉप’ करणे म्हणजे काम ‘फिनिश’ करणे नव्हे, असा होतो. नंतर जर्मनीत पसरलेल्या ‘पाठीत खंजीर खुपसला’ (सैन्य हरले नाही, घरच्यांनीच दगा दिला) या प्रचाराला याच फटीत जागा मिळाली: सैन्य थांबले होते, पण ते संपवले गेल्याचे दृश्य जर्मन जनतेने आपल्या भूमीवर पाहिले नव्हते.

जर्मनीची सागरी नाकेबंदी शस्त्रसंधीनंतरही चालू राहिली आणि ती १२ जुलै १९१९ रोजी उठली. नाकेबंदीला इंग्रजीत ‘लिफ्ट’ लागते, जसे आपल्याकडे वेढा, बंदी आणि जप्ती ‘उठते’. दोन्ही भाषांना इथे एकच चित्र सुचले आहे, त्यामुळे अधिक सांगण्याची गरज नाही.

बोलीतल्या ‘ओव्हर’चेही महत्त्व कमी नाही. जानेवारी १९१९ मध्ये इंग्लंडमधील फोकस्टन बंदरात रजेवर आलेल्या हजारो सैनिकांनी फ्रान्सला परतणाऱ्या जहाजांवर चढण्यास नकार दिला. अनेकांची भरती ‘३ वर्षे किंवा युद्ध चालू असेतोवर’ अशा कराराने झालेली होती. त्यांच्या दृष्टीने युद्ध ‘ओव्हर’ झाले होते आणि सरकारच्या दृष्टीने ते ‘टर्मिनेट’ व्हायचे होते.

तह ‘कन्क्लूड’ होतो म्हणजे काय होते

मराठी वाचकाला सर्वांत जास्त चकवणारे क्रियापद हेच आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळणे भाग आहे. सभा ‘कन्क्लूड’ झाली म्हणजे तिचा समारोप झाला. भाषण ‘कन्क्लूड’ केले म्हणजे शेवटचे वाक्य बोलले. पुराव्यावरून काही ‘कन्क्लूड’ केले म्हणजे निष्कर्ष काढला. इथवर ठीक. पण तह किंवा करार ‘कन्क्लूड’ झाला, हे वाचून तो संपुष्टात आला असे समजणारा माणूस थेट उलट्या टोकाला पोहोचतो, कारण तिथे ‘कन्क्लूड’ म्हणजे तो ठरला, पक्का झाला. वाटाघाटी संपतात आणि करार जन्माला येतो, अशी या एका क्रियापदाची दोन तोंडे आहेत. ‘टु कन्क्लूड पीस’ म्हणजे शांतता संपवणे नव्हे, तह करणे. कंपन्यांच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे मराठी भाषांतर करताना हा घोळ झालेला मी पाहिला आहे, आणि त्यात भाषांतरकाराइतकाच दोष सरधोपट शब्दकोशाचा असतो.

व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला. भारताच्या वतीने त्यावर एडविन मॉंटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या सह्या आहेत. पदकावरचे आणि गावातल्या पाटीवरचे १९१९ हे साल तहाच्या या वर्षाशी जुळते. परंतु सही झाल्याने तह अमलात येत नाही. मान्यतेची कागदपत्रे जमा होऊन तो १० जानेवारी १९२० रोजी लागू झाला. अमेरिकेच्या सेनेटने तर तो दोनदा फेटाळला, १९ नोव्हेंबर १९१९ आणि १९ मार्च १९२० रोजी. मग अमेरिकेपाशी ‘कन्क्लूड’ करण्याजोगे काहीच उरले नाही. त्यामुळे तिथल्या संसदेने जुलै १९२१ मध्ये क्रियापद बाजूला ठेवून ‘एंड’ हे नाम वापरले आणि युद्धस्थिती ‘ॲट ॲन एंड’ असल्याचे एकतर्फी जाहीर केले. जर्मनीशी वेगळा तह त्यानंतर, २५ ऑगस्ट १९२१ रोजी बर्लिनमध्ये झाला. ‘एंड’ची ताकद आणि मर्यादा दोन्ही यात दिसतात. तो कोणाच्याही संमतीवाचून वापरता येतो, पण अटी, भरपाई, सीमा यांतले काही ठरवत नाही.

तुर्कस्तानच्या बाबतीत याच्या अगदी उलट घडले. ३० ऑक्टोबर १९१८ रोजी मुद्रोस येथे शस्त्रसंधी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून लढाई ‘सीस’ झाली. तरीही मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) ब्रिटिश-भारतीय फौज, जिच्यात मराठा पलटणीही होत्या, पुढे सरकून नोव्हेंबरमध्ये मोसूलमध्ये शिरली. गोळीबार थांबवण्याचा शब्द दिला होता, पुढे न सरकण्याचा नव्हता, अशी ब्रिटिशांची बाजू होती, आणि धोका वाटल्यास मोक्याची ठिकाणे ताब्यात घेण्याची मुभा देणाऱ्या, शस्त्रसंधीच्या सातव्या कलमाचा आधारही त्यांनी पुढे केला. मोसूलचा वाद १९२६ पर्यंत लांबला. मधल्या काळात १० ऑगस्ट १९२० रोजी सेव्हरचा तह झाला, पण त्याला मान्यता मिळालीच नाही आणि तो कधी अमलात आला नाही. ‘कन्क्लूड’ झालेल्या तहाने काहीही ‘एंड’ केले नाही, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे २४ जुलै १९२३ रोजी लोझानला नवा तह झाला आणि तो ६ ऑगस्ट १९२४ रोजी लागू झाला.

संसदेला शब्दार्थ ठरवावा लागला

ब्रिटिश संसदेपुढची अडचण वेगळीच होती. युद्धकाळातील शेकडो कायदे, हुकूम, भाडेपट्टे, पुरवठ्याची कंत्राटे आणि सैनिकांचे करार ‘युद्ध चालू असेतोवर’ अशा कलमांवर उभे होते. कोणी ‘ड्युरेशन ऑफ द वॉर’ लिहिले होते, कोणी ‘हॉस्टिलिटीज’ म्हटले होते, कोणी आणखी काही. तोफा थांबल्यानंतर दहाच दिवसांनी, नोव्हेंबर १९१८ मध्येच, ‘टर्मिनेशन ऑफ द प्रेझेंट वॉर (डेफिनिशन) ॲक्ट’ हा कायदा झाला. त्याचा आशय असा: राजा आपल्या मंडळाच्या सल्ल्याने युद्धाच्या ‘टर्मिनेशन’ची तारीख जाहीर करील, ती तारीख तहांना मान्यता मिळाल्याच्या दिवसाच्या शक्य तितकी जवळची असेल, आणि करारात युद्धाचा वा लढाईचा उल्लेख कोणत्याही शब्दांत केलेला असो, संदर्भ वेगळा नसेल तर युद्ध त्या तारखेपर्यंत चालू होते व त्या दिवशी संपले असे मानले जाईल. शब्दांच्या छटांवरून कज्जे होऊ नयेत म्हणून संसदेने त्या छटा एका फटक्यात सपाट केल्या. याच कायद्याखाली ३१ ऑगस्ट १९२१ ही तारीख आली, आणि राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) आजही ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातील मृतांचीच नोंद पहिल्या महायुद्धाखाली करतो.

कायद्याच्या नावात ‘टर्मिनेशन’ आहे आणि आतल्या वाक्यात युद्ध ‘एंड’ झाले असे मानावे, असे म्हटले आहे. मसुदाकाराने हे सहज केले नसावे, असे मला वाटते. जाहीर करायची ती ‘टर्मिनेशन’, कारण तिच्यामागे अधिकार आहे. जे घडल्याचे मानायचे ते ‘एंड’, कारण तो काळाच्या पट्ट्याचा शेवट आहे.

भारतात या तारखांना धार होती. १९१५ चा डिफेन्स ऑफ इंडिया ॲक्ट युद्ध चालू असेतोवर आणि त्यानंतर ६ महिने लागू राहणार होता, म्हणजे तो आपोआप ‘एक्स्पायर’ होणाऱ्या जातीचा होता. त्याने सरकारला दिलेले विनाचौकशी अटकेसारखे अधिकार हातून जाऊ नयेत म्हणून मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला. त्याची मुदतही युद्धाच्या समाप्तीपासून ३ वर्षे अशी मोजायची होती. ती भरण्याची वाट मात्र पाहिली गेली नाही. १९२२ मध्ये तो ‘रिपील’ झाला. कायदा मुदतीने मेला की कोणी तो मागे घेतला, हे इंग्रजीत क्रियापदच सांगते.

१९१८ च्या त्याच कायद्यात तारीख ‘डिटर्मिन’ करणे, म्हणजे ठरवणे, असाही प्रयोग आहे. पण जुन्या कायदेशीर इंग्रजीत ‘डिटर्मिन’चा दुसरा अर्थ संपणे किंवा संपवणे असा आहे आणि तो आपल्याकडे आजही जिवंत आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १११ वे कलम भाडेपट्टा कसकसा ‘डिटर्मिन’ होतो हे सांगते, आणि मुंबई-पुण्यातील इंग्रजी भाडेपट्ट्यांत मुदत ‘एक्स्पायर’ झाल्यावर किंवा त्याआधी पट्टा ‘डिटर्मिन’ झाल्यावर जागा रिकामी करावी, असे जोडवाक्य येते. तिथे ‘ठरवल्यावर’ असे भाषांतर करणाऱ्याने कलमाचा जीवच काढून घेतला असे समजावे. त्याच कलमाच्या शेवटच्या खंडात तर तीन क्रिया एका ओळीत आहेत: नोटीस ‘एक्स्पायर’ होते, पट्टा ‘डिटर्मिन’ केला जातो आणि जागा ‘क्विट’ केली जाते. नोटिशीची मुदत सरते, कायदेशीर संबंध तुटतो, माणूस बाहेर पडतो. पहिल्याला कर्ता नाही, दुसऱ्याला पक्षकार लागतो, आणि तिसऱ्याला सामानसुमान बांधणारे हात.